मतसंख्या आणि मतनिर्मिती

लोकशाहीत लोकमत मोजले जाते. परंतु मोजण्यापूर्वी ते घडावे लागते, याकडे अभ्यासकांचेही पुरेसे लक्ष जात नाही. डिजिटल मंचांच्या सत्तेचा विचार या दुसऱ्या अंगाने करणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने भारतातील ‘फ्री बेसिक्स’चे प्रकरण विशेष बोधप्रद होय.

२०१५ साली फेसबुक कंपनीने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने काही निवडक संकेतस्थळे ग्राहकांस विनामूल्य उपलब्ध करून दिली. मजकूर पाहून इंटरनेटचे निरनिराळे दर आकारावेत काय, हा प्रश्न अशा योजनांमुळे उपस्थित झाला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ९ डिसेंबर २०१५ रोजी विचारार्थ टिपण प्रसिद्ध करून चार प्रश्नांवर जनतेची मते मागविली.

तेव्हा फेसबुकने आपल्याच मंचावरून सदस्यांना आवाहन केले. एकदोनदा बटण दाबताच योजनेच्या समर्थनाचा तयार मजकूर प्राधिकरणाकडे रवाना होत असे. पत्रे लक्षावधी आली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या मजकुरात नव्हती. अशाने विचारविनिमयास केवळ संख्याबळाच्या, घडवून आणलेल्या कौलाचे स्वरूप येते, असे प्राधिकरणाने जानेवारी २०१६ मध्ये कंपनीस स्पष्टपणे कळविले.

येथे एक आक्षेप संभवतो. विरोधकांनीही नागरिकांना तयार मसुदा पुरविला होता. मग दोष एकाच पक्षास का द्यावा? विरोधकांचा मसुदा विचारलेल्या प्रश्नांना धरून होता, हे खरे. तथापि मुख्य भेद निराळाच आहे. विरोधकांना लोक गोळा करावे लागले. फेसबुकच्या चावडीवर ते आधीच जमलेले होते, आणि तेथे कोणाचे निवेदन सर्वांपुढे मांडावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार वादातील एका पक्षाच्याच हाती होता. वृत्तपत्राचा मालकही अग्रलेखातून आपली बाजू मांडतो. परंतु वाचकाच्या नावाने पत्र लिहून, त्यावर त्याची सही घेऊन, ते सरकारदरबारी धाडण्याची सोय त्याच्यापाशी नसते.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकूरपरत्वे भिन्न दर आकारण्यास मनाई केली आणि त्याच महिन्यात ही योजना भारतातून मागे घेण्यात आली. परंतु हा निर्णय दरांपुरता होता. सभास्थानाचा मालक स्वतःच वादात पक्षकार असेल, तर त्याच्यावर कोणती बंधने असावीत, हा प्रश्न त्याने सुटला नाही. म्हणून लोकशाहीच्या आरोग्याची परीक्षा करताना किती लोक बोलले, एवढेच मोजून भागणार नाही. त्यांना बोलते कोणी केले आणि त्यांच्यापुढे प्रश्न कोणत्या रूपात ठेवला गेला, हेही तपासले पाहिजे.