‘इथं ब्रेकर टाका’ म्हणण्याआधी

अपघात झाला की माणसं रस्त्यावर बसतात आणि मागणी एकच असते: ‘इथं ब्रेकर टाका.’ पाथरी, मानवत, परभणी ही गावं राष्ट्रीय महामार्ग 61 वरच, त्यामुळे आपल्या जिल्ह्याला ही मागणी नवी नाही. पुढे डांबराचा एक उंचवटा पडतो आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं.

पण रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा गतिरोधक नसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे जवळपास बारा फूट पसरट. ताशी 25 किलोमीटरच्या वेगाने गाडी त्यावरून अलगद जावी, हा त्यामागचा हिशेब. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला ब्रेकर मी टेप लावून मोजला. रुंदी जेमतेम दीड फूट. मोटारसायकलचं पुढचं चाक आदळतं, मग मागचं आदळतं, आणि मागे बसलेल्या बाईच्या मांडीवरचं लेकरू दोनदा उसळतं. वर पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे फलक नाही. रात्री अशा ठिकाणी दुचाकीवाला पडतो तो ब्रेकरमुळेच.

ओळीने मारलेल्या बारीक पट्ट्यांनाही आपण ब्रेकरच म्हणतो. त्या रंबल पट्ट्या. खडखडाट करून चालकाला सावध करणं एवढंच त्यांचं काम.

शाळेसमोर खरं तर उंच क्रॉसिंग मागायला हवं. यात झेब्रा पट्टे फुटपाथच्या पातळीवर उचललेले असतात, माथा सपाट असतो. चढ-उतार गाडीच्या वाट्याला येतो, पोरं सरळ चालत जातात.

‘सिग्नल नसेल तर झेब्रा म्हणजे नुसतं रंगकाम’ हाही गैरसमजच. 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आहे.

‘फुटपाथ जितका उंच तितका सुरक्षित’ असं म्हणणाऱ्यांनी गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबरोबर एकदा बाजारापर्यंत चालून पाहावं. दर दुकानापुढे उतरा, पुन्हा चढा. दोन वेळा झालं की ते माणूस मुकाट्याने रस्त्यावरून चालू लागतं. म्हणून नियमात फुटपाथची उंची जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर आहे आणि मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघून जाव्यात एवढी.

रस्ता रुंद केला की अपघात कमी होतात, हेही खरं नाही. रुंद रस्त्यावर वेग वाढतो आणि ओलांडायचं अंतरही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. रुंदीकरण करायचंच असेल, तर दुभाजकात माणसाला थांबता येईल अशी जागा ठेवावी, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो.

2022 साली देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले, रोज सरासरी नव्वद. पायी चालणाऱ्यांच्या मागण्यांना आधारही आहे: पुण्याने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये येतो असं सांगितलं.

तेव्हा पुढचं निवेदन देताना नुसतं ‘ब्रेकर’ लिहू नका. उंच क्रॉसिंग हवं, की दुभाजकात थांबायची जागा, की 1.8 मीटरचा मोकळा फुटपाथ, ते नाव आणि माप घालून लिहा, आणि काम झाल्यावर टेप घेऊन मोजायला जा.