आधी उतरायचं ठरवा, मग थर लावा



ट्रेनिंगला येणारा प्रत्येक जण मला एक प्रश्न हमखास विचारतो, "सर, धंदा पडला तर?" याचं उत्तर मी गोविंदा पथकाकडून शिकलो, तेही पैसे घालवून झाल्यावर.

दहीहंडीत आपण बघतो फक्त चढणं. पण बरीच पथकं गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू करतात, आणि त्यात उतरण्याचाही सराव असतो. सगळ्यात वरचा आधी उतरतो, मग एकेक थर. थर डगमगला तरी तळाचे जागा सोडत नाहीत, भोवतीचे हात वर करून झेलायला तयार असतात. हंडी न फोडता थर लावून सलामी देणाऱ्यालाही बक्षीस मिळतं. 2012 साली जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून 43.79 फुटांचा गिनीज विक्रम केला.

स्पेनमधल्या कॅटालोनियात असेच मानवी मनोरे रचतात. 2010 साली युनेस्कोने ती परंपरा वारसा यादीत घेतली. समुद्रकाठच्या तारागोना शहरात त्यांची मोठी स्पर्धा भरते. तिथला नियम बघा. मनोरा पूर्ण झाला पण उतरताना कोसळला, तर गुण मिळतात, पण कमी. नीट उतरवला तर जास्त. म्हणजे उतरणं हा खेळाचाच भाग!

आता माझं सांगतो. वडखळला माझं पापड-कोकमाचं दुकान बरं चाललं होतं. एप्रिलमध्ये अलिबागच्या किनाऱ्याजवळ दुसरं उघडलं. भाडं 15,000, ताईंचा पगार 9,000, रॅक आणि बोर्ड 45,000. आईने पाटल्या गहाण ठेवायला दिल्या. मे महिना झक्कास गेला. जूनमध्ये पाऊस आला आणि किनारा रिकामा झाला. गिऱ्हाईक नाही, पापड सादळले. तरी मी दुकान ऑक्टोबरपर्यंत ओढलं. का? तर "लोक काय म्हणतील!" सव्वादोन लाख गेले. जूनअखेर शटर ओढलं असतं तर निम्म्यावर निभावलं असतं.

दुकान पडलं याचं आता वाईट वाटत नाही. आईच्या मोकळ्या हातांकडे बघून चार महिने गप्प राहिलो, याचं वाटतं. शेवटी तीच म्हणाली, "बंद कर रे, पाटल्या परत होतील." झेलणारे हात घरातच होते, मीच हाक मारली नव्हती. दीड वर्षाने पाटल्या सोडवल्या.

म्हणून दुकान उघडण्याआधी वहीत तीन ओळी लिहा:

1. किती रुपये गेले की थांबायचं? आकडा लिहा.
2. कोणत्या तारखेला हिशोब बघून निर्णय घ्यायचा?
3. पडलो तर कोण झेलणार? त्या माणसाला आजच सांगून ठेवा.

आणि एक. दरवर्षी गोविंदा जखमी होतात, म्हणून हेल्मेट आणि दोर लागतो. पडण्याची भीती नको, पण बेफिकिरीही नको. घर आणि मुलांच्या फीचे पैसे थरात लावू नका.

वही घ्या, आज रात्रीच लिहा. थर उद्या लावू!