दमडीची मशीद, नाण्यांची तोफ

अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला पंडित नेहरूंच्या बंदिवासामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या जवळची दमडी मशीद मात्र बाहेरगावच्या फारशा कुणाला माहीत नसते. आकाराने लहानशी, पण दगडावरचे कोरीवकाम पाहत राहावे असे.

इतिहास तिचे श्रेय निजामशाही सरदार साहिर खान याला देतो; साल १५६७. लोक सांगतात ते वेगळेच. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात मातीचा जुना कोट पाडून दगडी तट उभारला. त्या कामावर राबणाऱ्यांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद झाली, अशी आख्यायिका आहे. किल्ल्याचे काम संपल्यावर अवघ्या पाच वर्षांत मशीद पुरी झाली. तेव्हा पाथरवट तेच असतील आणि सरदाराच्या खजिन्याला त्यांनीही हातभार लावला असेल, तर नवल नाही.

मशीद आणि पैसा यांची गोष्ट इस्तंबूललाही आहे. उस्मानी सुलतान सुलेमानची मशीद वास्तुकार सिनानने १५५७ मध्ये पूर्ण केली. मध्येच काम रेंगाळले, तेव्हा सुलतानाकडचे पैसे संपले असे समजून इराणच्या शहाने जवाहिरांची पेटी धाडली. सुलतान चिडला. त्याने ती रत्ने कुटून एका मिनाराच्या चुन्यात मिसळायला लावली, असे तिथले लोक सांगतात.

इस्तंबूल आणि नगर यांच्यात तेव्हा खरीखुरी ये-जा होती. उस्मानी मुलखातून दख्खनेत आलेल्या माणसाला ‘रूमी’ म्हणत. मुहम्मद बिन हुसेन रूमी याने १५४९ मध्ये नगरला ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ ओतली. वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा. परंपरा त्यालाच रूमी खान मानते. मंगलगेटजवळची मक्का मशीदही त्याच्याच नावाशी जोडली जाते.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचे सैन्य जवळ येताच रूमी खानाने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून बार काढले, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. दमडी मशीद त्यानंतर दोनच वर्षांनी झाली. एकाच शहरात एकीकडे चिल्लर जमवून मशीद बांधल्याची कथा आहे आणि दुसरीकडे चिल्लरीनेच माणसे उडवल्याची. पहिली लोकांच्या तोंडी राहिली, दुसरी इतिहासकाराने टिपली.

‘मलिक-ए-मैदान’ तोफ पुढे परंड्याला आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. इंग्रजांनी १८५४ मध्ये ती भंगारात काढायचे ठरवले, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. विक्री रद्द झाली आणि तोफ विजापूरच्या बुरुजावरच राहिली.