चळवळीच्या निगेटिव्ह आणि नव्या स्कॅनरचा प्रश्न

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्या हिंसाचारात शहीद झाले. तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतचे मोर्चे, धरणी आणि धम्म परिषदा ज्या फिल्मवर टिपल्या गेल्या, त्या फिल्मची निगेटिव्ह हाच मूळ पुरावा होय. कागदावरील छायाचित्र ही तिची केवळ नक्कल.

या निगेटिव्ह संगणकावर उतरविण्याचे काम हाती घेतले की एक अडचण हमखास येते. जुना स्कॅनर चालू असतो, परंतु त्याचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही. निकॉनचे कूलस्कॅन हे याचे ठळक उदाहरण. कंपनीने त्यांचे उत्पादन थांबविले, सॉफ्टवेअरही पुढे सुधारले नाही. मग सारेच नवे घ्यावे काय? आमच्या मते, बहुधा नाही. व्ह्यूस्कॅनसारखे स्वतंत्र सॉफ्टवेअर अशा अनेक जुन्या यंत्रांना नव्या संगणकाशी जोडून देते. तेही नको असल्यास जुना संगणक इंटरनेटपासून अलग ठेवून त्याच कामास राखावा.

नवे यंत्र घेण्यापूर्वी केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आठवावा. जाहिरातीतील आकड्यांवर विसंबू नये, स्वतः पारखावे. मोर्चातील फलकाची अक्षरे बारीक दिसतात अशी एक निगेटिव्ह जुन्या आणि नव्या, दोन्ही यंत्रांवर स्कॅन करावी. नव्या यंत्रावर एकही अक्षर अधिक वाचता येत नसेल, तर वाढला तो केवळ फाइलचा आकार. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह इंचास ४००० बिंदूंनी स्कॅन केल्यास सुमारे २ कोटी १४ लाख बिंदू मिळतात. साध्या कॅमेऱ्याने टिपलेल्या मोर्चाच्या चित्रात बहुधा याहून अधिक तपशील नसतोच.

एका बाबतीत मात्र यंत्र बदलणे अपरिहार्य ठरते. आग्फा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा एके काळी बऱ्याच घरांत होता. त्याची निगेटिव्ह सुमारे ६ सेंटिमीटर चौरस असते आणि केवळ ३५ मिलिमीटरच्या स्कॅनरमध्ये ती मावत नाही. तिच्यासाठी झाकणात दिवा असलेला सपाट स्कॅनर हवा. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला इंचास २४०० बिंदूही पुरतात. हे यंत्र घेणे परवडत नसल्यास लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या एखाद्या धम्मबांधवाकडील मॅक्रो लेन्सचा कॅमेरा आणि एकसारखा प्रकाश देणारी पेटी यांवरही काम उत्तम होते.

विक्रेते धूळ आपोआप पुसणाऱ्या सोयीची फार स्तुती करतात. ती सोय अवरक्त किरणांवर चालते. कृष्णधवल फिल्ममधील चांदी ते किरण अडविते, म्हणून तेथे ती निरुपयोगी ठरते, कधी चित्रच बिघडविते. १९७८ च्या काळातील कृष्णधवल निगेटिव्हसाठी या सोयीपायी जादा पैसे देऊ नयेत. मऊ ब्रश आणि हवेचा फुगा पुरेसा आहे.

वाचलेला पैसा जतनावर खर्च करावा. ॲसिटेटची फिल्म उष्णतेने कुजते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. पत्र्याच्या छपराखालील ट्रंक ही उन्हाळ्यात तिच्यासाठी भट्टीच. असा वास येणारी फिल्म इतरांपासून वेगळी करून आधी स्कॅन करावी, यंत्राची निवड लांबली तरी तिच्यासाठी थांबू नये. प्रत टिफ स्वरूपात ठेवावी आणि एकाच गावी ठेवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घरे कोसळली तेव्हा घरातील कागद-छायाचित्रेही ढिगाऱ्याखाली गेली. नांदेडची एक प्रत लातूरला आणि लातूरची नांदेडला ठेवावी.

छायाचित्रातील माणसे कोण, हे मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सांगणार नाही. १९७८ साली विशीत असलेले कार्यकर्ते आज पासष्टीच्या पुढे आहेत. त्यांना विहारात बोलावून मोठ्या पडद्यावर एकेक चित्र दाखवावे आणि ते सांगतील ती नावे, गाव व प्रसंग त्याच दिवशी निगेटिव्हच्या पाकिटावर, निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी, पेन्सिलीने लिहून ठेवावीत.