रेशनच्या रांगेतून शिकागोच्या कपाटात

शिकागो विद्यापीठाच्या रीगनस्टाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं आहेत. त्यातली साठ-सत्तरच्या दशकांतली कित्येक पुस्तकं कुणाच्या पैशांनी घेतली गेली असतील? तुमच्या आजोबांच्या! तेही रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभं राहून.

थट्टा नाही. १९५४ साली अमेरिकेनं 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा केला. तिकडे गहू इतका पिकत होता की साठवायचा कुठे हा प्रश्न. इकडे धान्याची टंचाई आणि गंगाजळीत डॉलरची वानवा. कायद्यानं वाट काढली: डॉलर नाहीत? मग रुपये द्या. १९५६ मध्ये भारताशी पहिला करार झाला आणि बोटी भरभरून गहू येऊ लागला. जुन्या लोकांना तो तांबडा गहू आणि मिलो ज्वारी अजून आठवते, चवीसकट. १९६६ च्या सुमाराला तर अमेरिकेच्या गव्हाच्या पिकातला जवळजवळ पाचवा हिस्सा भारतात उतरत होता.

आता खरी गंमत. रेशनवर विकलेल्या या गव्हाचे रुपये अमेरिकेच्या खात्यात जमा होत, पण ते खातं भारतातच. डॉलर करून मायदेशी नेण्याची सोय नाही. जत्रेतल्या पाळण्याची कुपनं जत्रेबाहेर काय कामाची? मोठा हिस्सा भारतालाच विकासासाठी कर्ज आणि अनुदान म्हणून परत गेला. वकिलातीचा खर्च भागवला, तरी रुपये उरतच होते. शेवटी अमेरिकी अर्थखात्यानं चक्क एक वर्गवारीच केली: ज्यांचं चलन आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त साठलंय असे देश. भारत त्यात होता.

असा पडून राहिलेला पैसा दिसला की कुणाचे कान टवकारतात? प्राध्यापकांचे!

१९५८ मध्ये मिशिगनचे लोकप्रतिनिधी जॉन डिंगेल यांच्या दुरुस्तीनं या रुपयांतून पुस्तकं घेण्याची मुभा मिळाली. १९६२ मध्ये 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयानं दिल्लीत कार्यालय थाटलं आणि भारतीय भाषांतली पुस्तकं अनेक प्रतींत खरेदी होऊ लागली. एक प्रत वॉशिंग्टनला, बाकीच्या पेनसिल्व्हेनिया, शिकागो, बर्कली अशा विद्यापीठांना. तिथे मराठी वाचणारे किती होते? मोजकेच. पण पुस्तकं आधी पोचली, आणि मग त्यांच्या आधारानं अभ्यासक तयार होत गेले.

पुस्तकं झाली, माणसांचं काय? पेनसिल्व्हेनियाचे संस्कृत पंडित नॉर्मन ब्राउन यांनी १९६१ मध्ये अमेरिकी विद्यापीठांची मोट बांधून 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज' काढली. एकेकट्यानं हात पसरण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करायचा! आरंभीचे डॉलर फोर्ड फाउंडेशननं दिले, पुढे रुपयांचा ओघ लागला. आणि भारतातलं पहिलं ठाणं कुठे? पुण्यात, डेक्कन कॉलेजात. तिथे पन्नाशीच्या दशकातच डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं भाषाशास्त्राची शिबिरं भरवली होती, अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ येऊन शिकवून गेले होते. पैसा ओळखीच्या उंबऱ्यावर आधी येतो, हे तेव्हाही खरंच होतं.

रुपयांतून शिष्यवृत्ती, घरभाडं, रेल्वेचं तिकीट असलं सगळं भागे. म्हणजे ज्या संशोधनासाठी भारतात येऊन राहावं लागतं, त्याचीच चंगळ! विषय कोणते फुलावेत, हे असं चलनानंही ठरवलं. मला या गोष्टीतलं हे सगळ्यात विलक्षण वाटतं, आणि थोडं अस्वस्थ करणारंही.

आपल्या विद्यापीठांनीही यातून वाटा मिळवला. अमेरिकी कृषी खात्याकडे प्रस्ताव पाठवायचा, विषय त्यांच्या शेतीलाही उपयोगी हवा, आणि जोडीला एक अमेरिकी शास्त्रज्ञ. आपल्या कृषी संशोधकांमध्ये 'पीएल फोर-एटी स्कीम' हा शब्द रुळला तो इथून.

तरीही ढीग संपेना! १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी भारत सरकारला एक धनादेश दिला: १,६६४ कोटी रुपयांचा. एवढी रक्कम एकाच कागदावर! त्याची नोंद गिनीज बुकातही झाली. त्यानंतरही उरलेल्या रुपयांतून १९८७ मध्ये संयुक्त संशोधनासाठी भारत-अमेरिका निधी उभा राहिला.

गव्हाचे रुपये कधीच संपले. दिल्लीतलं कार्यालय मात्र चालू आहे, आणि आता सहभागी ग्रंथालयं स्वतःच्या खिशातून पैसे मोजतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसची सूची इंटरनेटवर कुणालाही फुकट चाळता येते. पुण्या-मुंबईत शोधून न सापडलेलं एखादं मराठी पुस्तक असेल, तर तिथे एकदा नाव टाकून पाहाच.