गावरान अंडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबडीचे अंडे घेण्याकडे शहरी ग्राहकांचा कल वाढत आहे. महाराष्ट्रात ते ‘गावरान’ किंवा ‘गावठी’ म्हणून जास्त दराने विकले जाते. ते ओळखण्याच्या प्रचलित खुणा मात्र बऱ्याचदा फसव्या असतात.

गैरसमज : तपकिरी अंडे गावरानच असते.
वस्तुस्थिती : कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरे अंडे देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. कोंबडी पिंजऱ्यात असो वा परसात, हा रंग बदलत नाही.

गैरसमज : बलक जितका गडद, तितके अंडे पौष्टिक.
वस्तुस्थिती : बलकाला रंग येतो तो खाद्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे. हिरव्या पाल्याने तो गडद होतो, तसाच पिवळ्या मक्याने किंवा खाद्यात मिसळलेल्या झेंडूच्या अर्कानेही होतो. एका मध्यम अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. कोंबडी मोकळी असल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ड जीवनसत्त्व मात्र अधिक असू शकते.

गैरसमज : पांढरी अंडी ‘बॉयलर’ कोंबडीची असतात.
वस्तुस्थिती : ब्रॉयलर मांसासाठी वाढवतात आणि अंड्यावर येण्याच्या वयाआधीच ती विकली जाते. बाजारातली अंडी लेअर कोंबडीची असतात. निवड पद्धतीची पैदास, संतुलित खाद्य आणि प्रकाशाचे नियोजन यांमुळे ती वर्षाला ३००च्या आसपास अंडी देते.

गैरसमज : पिंजऱ्यातल्या अंड्यातून पिल्लू निघू शकते.
वस्तुस्थिती : अंडे घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. लेअरच्या पिंजऱ्यात कोंबडा नसतो, म्हणून ती अंडी अफलित असतात. उलट, परसातल्या कळपात कोंबडा असेल तर तिथले अंडे फलित असू शकते.

गैरसमज : मग दोन्हींत फरकच नाही.
वस्तुस्थिती : खरा फरक कोंबडीच्या जगण्यात आहे. साध्या पिंजऱ्यात तिला पंख पसरता येत नाहीत, धुळीत अंग घोळता येत नाही, अंडे घालायला आडोसा मिळत नाही. युरोपीय संघात अशा पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ए-४ कागदाहून कमी जागा देणे बंधनकारक होते. २०१२पासून तिथे या साध्या पिंजऱ्यांवर बंदी आहे. तिथल्या अंड्यावरच्या शिक्क्याचा पहिला आकडा पालनपद्धत सांगतो : ० सेंद्रिय, १ मुक्त, २ बंदिस्त पण पिंजऱ्याविना, ३ सुधारित पिंजरा. आपल्याकडे सुट्या अंड्यांवर असा शिक्का नसतो. त्यामुळे रंगापेक्षा कोंबड्या कुठे आणि कशा पाळल्या आहेत, याची विक्रेत्याकडे चौकशी करणे हाच भरवशाचा मार्ग ठरतो.