दुर्बीण नंतर, आधी बैठक!

नवी दुर्बीण महिन्याभरात माळ्यावर का जाते? या प्रश्नाचं उत्तर जयपूरच्या एका उतरत्या भिंतीत दडलंय. तीनशे वर्षांपूर्वी एका राजाला जे कळलं, ते आज गच्चीवर दुर्बीण मांडणाऱ्या प्रत्येक घराला उपयोगी पडणारं आहे.

घरात पहिली दुर्बीण येते तो दिवस सणासारखा असतो. खोकं उघडलं जातं, थर्मोकोल बाजूला होतं, मुलं नळीभोवती नाचू लागतात. अंधार पडला की सगळं घर गच्चीवर. बऱ्याच खटपटीनंतर शनी सापडतो, त्याचं ते सुप्रसिद्ध कडंही दिसतं आणि बाबा ओरडतात, ‘‘या, या, लवकर या!’’ मुलगी धावत येऊन डोळा लावते. ‘‘कुठंय? काहीच दिसत नाही!’’

पुन्हा शोधाशोध. शनी सापडतो, पण स्क्रू आवळताना नळी हलते आणि तो निसटतो. आजोबा जिना चढून वर येईपर्यंत तर तो कधीच गेलेला असतो. तिसऱ्या रात्री गच्चीवर दोघंच उरतात आणि महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर जाते.

दोष भिंगाचा? बहुतेक वेळा नाही. दोष असतो तो नळीखालच्या बैठकीचा. हौशी मंडळी तिला ‘माउंट’ म्हणतात. दुर्बीण घेताना लोक ‘किती पट मोठं दिसतं?’ हे हमखास विचारतात. ‘खालचा माउंट कसा आहे?’ असं विचारणारा विरळाच!

आता हा हिशेब पाहा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. शंभर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून एका वेळी साधारण अर्धा अंश आकाश दिसतं. त्यामुळे मधोमध आणलेला शनी जेमतेम एका मिनिटात कडेबाहेर जातो. शिवाय ग्रह जसा शंभर पट मोठा होतो, तसा हाताचा धक्काही शंभर पट मोठा होतो. म्हणजे बैठकीनं दोन कामं करायला हवीत. हलायचं नाही, आणि आकाशाबरोबर मात्र सरकायचं!

पितळेनं दगा दिला

नेमकं हेच दुखणं सवाई जयसिंहाच्या वाट्याला आलं होतं. हा आमेरचा राजा. १७२७ साली त्यानं जयपूर वसवलं. गणिताचा आणि ग्रहताऱ्यांचा त्याला विलक्षण नाद होता. जुन्या कोष्टकांतली ग्रहांची स्थानं आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसत नाही, हे पाहून त्यानं स्वतः वेध घ्यायचं ठरवलं. समरकंदच्या उलुगबेगाच्या वळणाची पितळी यंत्रं त्यानं बनवून घेतली... आणि त्यांनी दगा दिला.

काय बिघडलं, हे त्यानं ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलंय. यंत्रं लहान असल्यामुळे त्यांवर अंशाचे बारीक भाग पाडता येत नव्हते. आस झिजत होते, डगमगत होते. वर्तुळांचे मध्य सरकत होते. आज दुर्बिणीच्या हलक्या माउंटविषयी कुणी तक्रार केली तर ती यापेक्षा वेगळी नसेल!

जयसिंहाचा उपाय राजाला शोभेसाच होता. हलतं ते नकोच. यंत्रं दगडचुन्याची बांधायची आणि इमारतीएवढी मोठी करायची. १७२४ साली दिल्लीत पहिलं जंतरमंतर उभं राहिलं. पुढे जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी इथंही वेधशाळा झाल्या. मथुरेची आता उरलेली नाही. जयपूरची सर्वांत मोठी, आणि २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

जयसिंहाच्या या कामातला मोठा आधार होता पंडित जगन्नाथ सम्राट. हे विद्वान मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली.

भिंत सत्तावीस अंशांची

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये शिरल्यावर आधी नजरेत भरतं ते बृहत् सम्राट यंत्र. आकाशाकडे चढत जाणारी प्रचंड तिरकी भिंत, तिच्यावर पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना संगमरवरी कमानी. ही जगातली सर्वांत मोठी दगडी सूर्यघटिका. तिची सावली कमानीवरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. म्हणजे पृथ्वी फिरताना डोळ्यांनी दिसते, म्हणा ना!

पण खरी गंमत त्या भिंतीच्या उतारात आहे. तो उतार २७ अंशांचा आहे. का? तर जयपूरचा अक्षांश २७ आहे म्हणून. उत्तरेकडे २७ अंश उंच धरलेली रेषा जयपुरात पृथ्वीच्या आसाला समांतर होते आणि ज्या बिंदूभोवती सगळं आकाश फिरतं, त्या ध्रुवबिंदूकडे बोट दाखवते.

थोडं पुढे ध्रुवदर्शक पट्टिका आहे. हीही तेवढ्याच उताराची. खालच्या टोकाशी डोळा लावायचा आणि पृष्ठभागाच्या रेषेत वर पाहायचं. रात्री त्या दिशेला ध्रुवतारा. आणि चक्रयंत्र पाहिलंत तर चकितच व्हाल. दगडी खांबांत बसवलेली धातूची वर्तुळं, पृथ्वीच्या आसाला समांतर अशा आसाभोवती फिरणारी. त्यावर पाहण्याची नळी लावायची आणि ताऱ्याचं स्थान वाचायचं. त्या नळीत भिंगं बसवली की झाली की आजची दुर्बीण!

युरोपात जर्मन कारागीर फ्राउनहोफरनं १८२४ साली डॉर्पाटच्या वेधशाळेसाठी मोठी दुर्बीण घडवली. तिचा एक आस ध्रुवाकडे रोखलेला होता आणि घड्याळाच्या यंत्रणेनं तो आकाशाच्या गतीनं फिरत होता. आज दुकानात ‘इक्वेटोरियल माउंट’ म्हणून जे मिळतं ते त्याचंच धाकटं भावंड. आणि त्यामागचं तत्त्व तेच, जे जयपूरच्या त्या भिंतीत आहे.

गच्चीवरचं जंतरमंतर

समजा, जयपूरच्या एखाद्या घरी असा नवा माउंट आलाय. तो मांडायचा कसा?

आधी जागा. स्लॅबच्या मधोमध नको, तिथं पावलागणिक हादरा बसतो. खाली भिंत किंवा खांब असेल असा कोपरा बरा. जयपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर तापलेली गच्ची रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते आणि ग्रह पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. दोन-तीन बादल्या पाणी ओतावं, थोडं थांबावं. संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर पडलेला मांजा आधी गोळा करावा. अंधारात तो पायातही गुंततो आणि तिपाईतही.

मग तिपाई. तिचे पाय पूर्ण ताणून उंच करण्याचा मोह टाळावा. जितकी बुटकी तितकी घट्ट. गवंड्याची पाणसळ ठेवून माथा समतल करावा आणि तिपाईच्या मधून पाण्याची भरलेली कॅन किंवा विटांची पिशवी टांगावी. नंतर नळीवर टिचकी मारून आयपीसमधून पाहावं. चित्र एक-दोन सेकंदांत स्थिरावलं तर बैठक चांगली. पाच-सहा सेकंद थरथरत राहिलं तर कुठला तरी स्क्रू ढिला आहे.

आता तोल. माउंटच्या दांड्यावर आधी वजन चढवायचं, मग नळी. उतरवताना बरोबर उलट, आधी नळी आणि मग वजन. हा क्रम चुकला तर अख्खा डोलारा कोसळतो. दोन्ही आसांच्या खिट्ट्या सैल करून पाहावं. सोडून दिल्यावर नळी जिथल्या तिथं राहिली म्हणजे तोल साधला.

नळीवरचा छोटा फाइंडर उजेड असतानाच जुळवून घ्यावा. जयपुरात यासाठी नाहरगडचा एखादा बुरूज छान. तोच बुरूज मोठ्या दुर्बिणीत आणि फाइंडरच्या फुलीवर दिसला की काम झालं. मात्र एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगावी. सूर्याकडे दुर्बीण वळवायची नाही. फाइंडरसुद्धा नाही! पुढच्या तोंडावर खास सौर गाळणी बसवल्याशिवाय एका क्षणाची नजरही कायमची दृष्टी घालवू शकते.

शेवटी ध्रुव. माउंटवर अक्षांशाची पट्टी असते, तिचा काटा जयपूरसाठी २७ वर. मुख्य आस उत्तरेकडे. होकायंत्र जपून वापरा, कारण स्लॅबातल्या सळया आणि लोखंडी टाकी सुईला फसवतात. मग नळी मुख्य आसाला समांतर ठेवून, म्हणजे क्रांतीचा काटा ९० वर आणून, ध्रुवतारा दिसतो का पाहायचं. इथं नवखी माणसं हमखास एक चूक करतात. ध्रुव मधोमध आणण्यासाठी ती नळीच फिरवतात. तसं करायचं नाही. नळीला हात न लावता माउंटच्या बुडाशी असलेले उंचीचे आणि दिशेचे स्क्रू फिरवायचे. म्हणजे अख्खी बैठकच ध्रुवाकडे वळवायची.

नुसतं डोळ्यांनी पाहायचं असेल तर एखाद्या अंशाची चूक चालून जाते. फोटो काढायचे असतील तर मात्र काटेकोर व्हावं लागतं.

अढळ ध्रुव थोडा ढळतो!

कारण खुद्द ध्रुवताराही नेमका ध्रुवबिंदूवर नाही! तो सध्या त्यापासून पाऊण अंशाहून थोडा कमी दूर आहे आणि रोज त्याभोवती छोटीशी प्रदक्षिणा घालतो. जयसिंहाच्या काळात हे अंतर दोन अंशांहून अधिक होतं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो, त्याचा हा परिणाम. २१०० च्या सुमारास ध्रुवतारा ध्रुवबिंदूच्या सर्वांत जवळ येईल आणि मग पुन्हा दूर जाऊ लागेल. म्हणजे अढळपदाच्या बाबतीत आपण जयसिंहापेक्षा नशीबवान आहोत.

महाराष्ट्रात किती अंश?

जयपूरचा २७ हा आकडा आपल्या गावात चालणार नाही. नागपूरला तो २१ होईल, नाशिकला २०, मुंबईला १९, पुण्याला साडेअठरा, कोल्हापूरला १७ ला थोडा कमी आणि पणजीला साडेपंधरा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश आकाश झाकते. जयपुरात ध्रुव क्षितिजापासून पावणेतीन मुठी वर, पुण्यात दोन मुठींहूनही खाली.

इतका खाली म्हटल्यावर तो शेजारच्या इमारतीमागे लपणारच! मग काय करायचं? आपल्याकडची शंकूची फार जुनी रीत आहे. गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. तिच्याभोवती खडूनं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवून आत येतं, तिथं खूण करा. दुपारनंतर ते पुन्हा वर्तुळाबाहेर जातं, तिथं दुसरी खूण. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. तिला काटकोनात रेघ ओढली की उत्तर-दक्षिण. ही रेघ तेलरंगानं पक्की करून ठेवा आणि तिपाईच्या तीन पायांच्या खुणाही. पुढच्या वेळी बैठक पाच मिनिटांत लागेल.

एवढा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी ‘डॉब्सोनियन’ हा लाकडी फिरत्या पेटीचा साधा माउंट आहे. अमेरिकेतल्या जॉन डॉब्सन यांनी तो लोकप्रिय केला. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात अनेक वर्षं संन्यासी होते. रस्त्यावर दुर्बीण मांडून ते येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवत. या पेटीवर ग्रहाचा पाठलाग हातानं करावा लागतो, पण ती स्वस्त आणि दणकट असते. आणि काहीही विकत घेण्याआधी पुण्याची १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन यावं. दहा जणांचे माउंट हाताळले की आपल्याला काय हवं ते आपोआप कळतं.

बैठक एकदा लावली म्हणजे कायमची लागली, असं मात्र नाही. दगडालाही डागडुजी लागते. जयपूरच्या जंतरमंतरची मोठी दुरुस्ती १९०१ च्या सुमारास लेफ्टनंट गॅरेट यांच्या देखरेखीखाली झाली. तिथं त्यांच्या मदतीला होते चंद्रधर शर्मा गुलेरी. ‘उसने कहा था’ ही गाजलेली हिंदी कथा लिहिणारे तेच गुलेरी! दगडाला जर दुरुस्ती लागते, तर वर्षातून एकदा आपल्या माउंटचे स्क्रू तपासायला काय हरकत आहे?

आता पुन्हा त्या पहिल्या गच्चीवर येऊ. बैठक ध्रुवाकडे रोखलेली आहे. बाबा शनी मधोमध आणतात आणि एकच मूठ हलकेच फिरवत राहतात. मोटर असेल तर तेवढंही नको. मुलगी पोटभर बघते. आई बघते. कुणीतरी खाली हाक मारतं आणि आजोबा कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर येतात. धाप लागलेली असते म्हणून आधी खुर्चीवर बसतात, चष्मा काढतात, पुसतात, मग डोळा लावतात.

शनी अजून तिथंच असतो.